खडीसाखरेतली खडी

प्रश्न : पंचवटीत प्रसादाची खडीसाखर चघळताना नातवाने विचारले, की इंग्रजी ‘शुगर’ हा शब्द आपल्या ‘शर्करे’वरून आला असे शिकवतात, ते खरे का? केवळ उच्चार जुळतो म्हणून हा संबंध जोडलेला नाही ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण निव्वळ उच्चारसाम्यावर बेतलेल्या व्युत्पत्ती सहसा टिकत नाहीत; ही मात्र टिकते.

‘शर्करा’ म्हणजे मुळात गोड पदार्थ नव्हे, तर बारीक खडे. पाणिनीच्या ‘सिकताशर्कराभ्यां च’ या सूत्रात ती सिकतेच्या, म्हणजे वाळूच्या, जोडीला बसलेली आहे आणि आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. उसाचा रस आटवून त्याचे कण पाडता येऊ लागले, तेव्हा त्या कणांना हे नाव मिळाले. प्राकृतात ‘र्क’मधला रकार गळाला, पालीत ‘सक्खरा’ झाली आणि मराठीत ‘साखर’. (नाशिककरांना प्राकृत परकी वाटू नये; पांडवलेण्यांतला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख प्राकृतातच आहे.) ग्रीकांनी घेतलेल्या ‘साक्खरोन’मध्येही ‘क’आधीचा तो रकार नाही आणि ‘ख’ आहे, म्हणजे तो शब्द पंडितांच्या संस्कृतातून नव्हे, बोलीतून गेला. १८७९ मध्ये सापडलेल्या सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाचे नाव याच शाखेतले.

‘शुगर’ मात्र दुसऱ्या वाटेने गेला : फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, तिथून मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत. अरबांचा मुक्काम या वाटेवर खरोखर होता याची खूण स्पॅनिश ‘असूकार’मध्ये आहे, कारण त्यातला आरंभीचा ‘अ’ हा अरबी ‘अल्’ या उपपदाचा अवशेष आहे. गुळासाठीचा इंग्रजी ‘जॅगरी’ हाही शर्करेचाच वंशज, पण तो मलयाळम ‘चक्कर’वरून पोर्तुगीजांच्या तोंडून आला, त्यामुळे इंग्रजीत साखर आणि गूळ ही सख्खी भावंडे ठरतात.

राहिली ‘कँडी’. तिचे मूळ संस्कृत ‘खंड’. फारसीत ‘कंद’, अरबीत ‘कंदी’, मग फ्रेंच. नातवाने चघळलेल्या खड्याला इंग्रजीत ‘शुगर कँडी’ म्हणतात, आणि त्यातले दोन्ही शब्द इथूनच गेलेले आहेत.