ऑप्शन चेनच्या (सगळे ऑप्शन एका जागी दाखवणाऱ्या) टेबलात नेमकं काय बघायचं?

मधल्या रकान्यात स्ट्राइक प्राइस (सौद्यात आधीच ठरलेला भाव), एनएसईच्या साइटवर तिच्या डावीकडं कॉल (त्या भावाला घ्यायचा हक्क) अन् उजवीकडं पुट (त्या भावाला विकायचा हक्क), एवढं कळलं की अर्धं काम झालं. आपल्याकडं मोंढ्यात सोयाबीनच्या सौद्याला इसार देतात ना, प्रीमियम, म्हणजे हा हक्क घ्यायला मोजायचे पैसे, तसाच समजा, फक्त हा पुढं किमतीतून वजा होत नाही, गेला तो गेलाच. समजा 24,000 चा निफ्टी कॉल, एलटीपी (शेवटच्या सौद्याचा भाव) 120, तर 120 गुणिले लॉट साइज (एका लॉटमधले नग) एवढे पैसे लागणार अन् एक्सपायरीला (मुदत संपते त्या दिवशी) निफ्टी 24,120 च्या वर असला तरच फायदा (ब्रोकरेज वेगळंच). एलटीपी लई जुना पण असू शकतो बरं का, म्हणून बिड-आस्क (घेणाऱ्याचा अन् विकणाऱ्याचा आत्ताचा भाव) बघा, मी एकदा 40 चा एलटीपी बघून मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घ्यायची) टाकली अन् ती 58 ला भरली. ओआय म्हणजे अजून उघडे असलेले सौदे, ते अगदीच कमी असले तर त्या स्ट्राइकच्या नादी लागू नका.