स्पंज लावला की मेंढी गाभण जाते का?

प्रश्न : माझ्याकडं साठेक मेंढ्या आहेत, माडग्याळ आन दख्खनी मिक्स. यंदा पंधरा-सोळा फळल्याच नाहीत. मेडिकलवाला म्हणतो हार्मोनचं इंजेक्शन द्या, सोबत व्हिटॅमिन मारा, आणि शेजारचा म्हणतो स्पंज लावला की जुळी होतात. काय करू?
– एक वाचक, ता. जत

उत्तर : दादा, आधी मेंढा बघा. सगळे मेंढ्यांच्याच मागं लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या नाहीतर ताप येऊन गेलेल्या मेंढ्याचं वीर्य पुढं दीड-दोन महिने कमजोर राहू शकतं, तो उडतो व्यवस्थित पण मेंढ्या सतरा-एक दिवसांनी परत माजावर. त्याचे वृषण चाचपून बघा, एक बारीक किंवा कडक लागला तर डॉक्टरांना दाखवा. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा धरा, म्हणजे तुम्हाला दोन तरी लागतात.

आता स्पंज. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं (गाभणपण टिकवणाऱ्या हार्मोनसारखं) औषध असतं, तो योनीत बारा ते चौदा दिवस ठेवतात, तेवढे दिवस माज दबून राहतो, आणि काढताना पीएमएसजीचं (गाभण घोडीच्या रक्तातनं काढलेल्या हार्मोनचं) इंजेक्शन देतात (साधारण ३०० ते ५०० युनिट, पण डोस डॉक्टरच ठरवणार, जात आणि वजन बघून). मग बहुतेक मेंढ्या एक ते अडीच दिवसात एकदमच माजावर येतात. फायदा काय तर वेत एकाच आठवड्यात, कोकरं एका वयाची, विकायला सोपी. पण एकदम माजावर आल्या की एक मेंढा पुरत नाही, आठ-दहा मेंढ्यांना एक लागतो, हे कोणी सांगतच नाही आणि मग स्पंजला शिव्या. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेनं देशी स्पंजसुद्धा काढलाय.

जुळी व्हावीत म्हणून पीएमएसजी वाढवायच्या भानगडीत पडू नका, तिळी झाली तर दूध कुठून आणणार! जुळ्यांचा पक्का रस्ता जातीतला. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जीन आपल्या दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. फक्त त्या जातीचा मेंढा आणला म्हणून तुमच्या मेंढ्यांना लगेच जुळी होत नाहीत हां, त्याच्या ज्या पोरींमधे ते जीन उतरेल त्यांना होतात.

आणि सगळ्यात स्वस्त हार्मोन म्हणजे खुराक. हाडं लागणारी मेंढी माजावर येतच नाही नीट, त्यातून कोकरू अंगावर पीत असेल तर विचारूच नका. मेंढा सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो मक्याचा भरडा द्या, जंताचं औषध त्याच्याही आधी. आधीच गुबगुबीत असलेल्यांना याचा उपयोग नाही.

प्रश्न : मग व्हिटॅमिनचं इंजेक्शन फुकटच का?

उत्तर : हिरव्या चाऱ्यावर असलेल्या मेंढीला व्हिटॅमिन ए पानातनंच मिळतं. चार-पाच महिने नुसत्या वाळल्या कडब्यावर काढले असतील तर देण्यात अर्थ आहे. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम (हे एक खनिज) मात्र अंदाजानं देऊ नका, सेलेनियम जास्त झालं तर मेंढी मरते. रोजचं मिनरल मिक्स्चर जास्त कामाचं.

प्रश्न : अकरा दिवसांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं देतात ती कसली?

उत्तर : प्रोस्टाग्लँडिन, हेही हार्मोनसारखंच औषध. माज जुळवायला चालतं, पण मेंढी आधीच गाभण असेल तर गाभडते, म्हणून तपासणी केल्याशिवाय कळपात सरसकट मारू नका. कातडीतूनही शरीरात जातं, त्यामुळं घरातल्या गरोदर बाईनं किंवा दमेकऱ्यानं त्या बाटलीला, सिरिंजला हात लावायचा नाही.