२००८ चा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, आतलं फर्निचर खिळखिळं झालंय. दुरुस्त करू की सगळं काढून नवीन बसवू?

सगळं काढू नका. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे ट्रेलर २६ फुटी आहे, डॅलसजवळ उभा असतो, वळणावर ड्रॉवर आपोआप बाहेर येतात, जेवणाचं टेबल हात ठेवला की झुलतं, वरच्या कपाटांची दारं उघडल्यावर डोक्यावर पडतात आणि सोफ्याच्या रेक्झिनचे पोपडे कपड्यांना चिकटतात. यातला सोफा सोडला तर बाकीच्या कामाला ड्रिल, गोंद आणि थोडा धीर एवढंच लागतं.

मी इंडियानात, एल्कहार्टपासून फार लांब नाही अशा गावात राहतो. अमेरिकेतल्या आरव्हींपैकी, म्हणजे अशा फिरत्या घरांपैकी, मोठा हिस्सा याच भागात बनतो, त्यामुळे शेजारीपाजारी कारखान्यांत काम करणारे बरेच आहेत. माझाही एक जुना ट्रेलर आहे. ही फर्निचरं कशी जोडतात ते एकदा कळलं की ती कुठे मोडतात हे वेगळं सांगावं लागत नाही. बऱ्याच ट्रेलरांत आधी जमिनीचा सांगाडा होतो, त्यावर कपाटं, बाकं आणि सोफा बसवतात, मग भिंती उभ्या राहतात. कपाटाची चौकट म्हणजे पाऊण इंच जाडीच्या पाइनच्या पट्ट्या. त्यावर तीन मिलिमीटरचं लाउआन (हलक्या लाकडाचं पातळ) प्लाय, आणि लाकडासारखा दिसणारा वरचा थर हा छापील कागद किंवा व्हिनाइल. हे सगळं बहुतांशी स्टेपलच्या जोरावर उभं असतं. घाटातल्या एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यासारखी थरथर ते मैलोन् मैल सोसतं. म्हणून फळ्या शाबूत राहतात आणि सांधे सुटतात. पैसे आणि मेहनत सांध्यांवर घाला, रंगरंगोटीवर नाही. व्हिडिओंमध्ये पांढरा रंग मारून सोनेरी मुठी लावलेले ट्रेलर छान दिसतात, पण मुठीखालचा स्क्रू तसाच ढिला असतो.

पण त्याही आधी ओल बघा. सोफ्याखाली, बाकांच्या आत, वरच्या कपाटांच्या मागच्या कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या खाली हाताने दाबून पाहा. ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. कपाटाचा स्क्रू काढल्यावर तो गंजलेला आणि भोकाभोवतीचं लाकूड काळं दिसलं, तर तुमचा प्रश्न फर्निचरचा नाही, छताचा किंवा खिडकीचा आहे. आधी ती गळती बंद करा. छतावर आधीच्या सीलंटशी आणि छताच्या आवरणाशी जुळणारं सीलंट, खिडकीच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). साधं बाथरूमचं सिलिकॉन कृपया नको, त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही.

आता स्क्रू. पिळला की नुसता गोल फिरतो, म्हणजे लाकडातले आटे गेले. लोक काय करतात, त्याच भोकात जाडा आणि लांब स्क्रू घालतात. पाऊण इंची पट्टीत तो पट्टीच फाडतो. त्याऐवजी भोक तीन-अष्टमांश इंचाचं करून घ्या, ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे पलीकडे निघणार नाही. त्यात पिवळा वूड ग्लू लावून कठीण लाकडाची खुंटी ठोका, रात्रभर सुकू द्या, वरचा भाग सपाट कापा आणि बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू बसवा. बिजागऱ्यांसाठी एवढं पुरतं.

पट्टीच्या टोकात शिरणाऱ्या स्क्रूची गोष्ट वेगळी. लाकडाच्या रेषांना समांतर गेलेला स्क्रू मुळातच नीट धरत नाही, आणि नेमके तेच सांधे ट्रेलरात सगळ्यात आधी निसटतात. तिथे खुंटी आडवी घाला. पट्टीच्या बाजूने भोक पाडून खुंटी अशी बसवा, की टोकातून येणारा स्क्रू तिला आरपार छेदेल. मग आटे खुंटीच्या रेषांना आडवे बसतात आणि सांधा खरोखर आवळला जातो. जागा असेल तर आतल्या कोपऱ्यात लाकडाचा छोटा ठोकळा गोंद आणि स्क्रूने लावा. जुने स्टेपल आधी पकडीने ओढून काढा, नाहीतर सांधा बंदच होत नाही. भुगा झालेल्या पार्टिकल बोर्डात पातळ इपॉक्सी मुरवून मग खुंटी घालावी लागते. तीन मिलिमीटरच्या प्लायमध्ये मात्र काहीही धरत नाही, मागे ठोकळा हवाच. ड्रायवॉलचे काळे स्क्रू वापरू नका, ते ठिसूळ असतात आणि हादऱ्यांनी मान मोडून पडतात.

भिंतीवर नवीन काही अडकवायचं असेल तर दोनदा विचार करा. भिंतीच्या पातळ प्लायमागे बहुतेक जागी फक्त इन्सुलेशन असतं, आणि वायर किंवा पाण्याचा पाइप नेमका कुठून गेलाय ते बाहेरून कळत नाही. ड्रिल लावण्यापूर्वी बाहेरची वीज, बॅटरी आणि प्रोपेन तिन्ही बंद.

ड्रॉवरचं काम त्यामानाने सरळ आहे. तुमच्या वर्षाच्या ट्रेलरांत अनेकदा मध्ये एकच रूळ आणि मागे प्लास्टिकचा तुकडा असतो. तो तुकडा झिजला की ड्रॉवर डुलतो. तोच नवीन मिळाला तर पहिला उपाय तो. बॉलबेअरिंगच्या बाजूच्या पट्ट्या लावायच्या तर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मोकळा लागतो, म्हणजे खोका उघड्या जागेपेक्षा बरोबर एक इंच अरुंद हवा. त्यात सूतभर चूक झाली तरी ड्रॉवर अडतो, म्हणून विकत घेण्याआधी जागा पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा. चौकट काटकोनात असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि हळू बंद होणाऱ्या पट्ट्यांना लोक कुलूप समजतात. ते कुलूप नव्हे. चमचे-सुऱ्यांनी भरलेला ड्रॉवर वळणावर त्यांना जुमानत नाही. दाबून बंद होणारी बटणाची कडी लावा, किंवा पट्ट्याच अडसरवाल्या घ्या. चुंबकाच्या कड्या फक्त हलक्या दारांना.

डोक्यावर पडणाऱ्या दारांचं कारण बहुधा एकच. दार वर धरून ठेवणाऱ्या, आत गॅस भरलेल्या दांड्यांमधला दाब गेलाय. त्या दुरुस्त होत नाहीत, बदलायच्या. नळीवर न्यूटनमधला आकडा छापलेला असतो, तोच घ्या. जास्त जोराची घेतली तर दार बंद ठेवायला कडीवर ताण येतो आणि ३ मिलिमीटरच्या प्लायमधून बिजागरी उपटून निघते. लांबी दोन्ही टोकांच्या वाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची, दांडी पूर्ण बाहेर असताना. बसवताना दार बंद असेल तेव्हा बारीक दांडी खाली आणि जाड नळी वर राहील असं बघा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.

टेबलाच्या बाबतीत आधी शोधा की नेमकं काय हलतंय. जमिनीतली वाटी (टेबलाचा पाय ज्यात बसतो ती) एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाय हलवा. वाटी हलत असेल तर तिचे स्क्रू सुटलेत. वाटी स्थिर आणि पाय हलतोय, तर पायाचं निमुळतं टोक झिजलंय, पाय बदला. बऱ्याच वेळा दोन्ही ठीक असतात आणि टेबलाच्या फळीखालची वरची वाटी पार्टिकल बोर्डातून सुटलेली असते. तिथे अर्धा इंची प्लायचा तुकडा फळीला खालून चिकटवा, त्यात टी-नट (लाकडात ठोकून बसवायचं, आत आटे असलेलं नट) बसवा आणि वाटी मशीन स्क्रूने आवळा. लोखंडाला लोखंड लागतं तिथे निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावला की हादऱ्यांनी सुटत नाही. मात्र तो प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. जमिनीत लांब स्क्रू घालायचा मोह आवरा, खाली टाक्या आणि पाइप असू शकतात.

पाय नकोच असेल तर बाकाच्या बाजूला लावायचा स्वीडिश पद्धतीचा फिरता हात मिळतो, लागुन नावाने. बोटींमध्येही वापरतात. छान वस्तू आहे, पण तो ज्या बाकाला लावाल त्याला आतून जाड प्लाय लावावा लागेल. आणि एक गोष्ट लोक विसरतात: हे टेबल रात्री खाली करून पलंग होतो. नवा जोड घेताना फळी बाकांच्या कडेवर सपाट बसते का ते आधी तपासा.

सोफा. तो चामड्यासारखा दिसतो, पण बहुधा बाँडेड लेदर असणार. म्हणजे कापडाच्या पाठीवर चामड्याच्या भुग्याचा थर आणि वर पॉलियुरेथेनची पातळ फिल्म. टेक्सासच्या उन्हात बंद ट्रेलर भट्टीसारखा तापतो, फिल्म सुटायला लागते आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. त्यावर पॅच किंवा रंग लावणं म्हणजे पैसे वाया, कारण तो ज्या थराला चिकटणार तोच निघून चाललाय. आतला घडीचा लोखंडी सांगाडा मात्र बऱ्याचदा ठणठणीत असतो. तो ठेवा, कव्हर नवीन शिवून घ्या, विणलेल्या पॉलिस्टरचं किंवा बोटीसाठीच्या व्हिनाइलचं. आमच्याकडे शिप्शेवानाच्या बाजूला अमिश कारागीर हे काम फार सुबक करतात. तुमच्याकडे बोटींची गादीकामं करणारा शोधा, मोटारवाल्यापेक्षा तो बरा. पूर्ण सोफा बाहेर काढायचा असेल तर आधी दार मोजा. भिंतींच्या आधी आत आलेला सोफा २६ इंची दारातून अखंड निघेलच असं नाही. पाठ आणि बैठक वेगळी करावी लागेल.

बाकांच्या गाद्या बसल्या असतील तर नुसता फोम बदला. इथे घनता घनफुटाला पौंडात सांगतात. अडीच पौंड म्हणजे साधारण आपल्याकडच्या गादीवाल्याचा ४० डेन्सिटीचा फोम, बसायला त्याच्या खाली जाऊ नका. कडकपणाचा आकडा वेगळा असतो, बसण्यासाठी ३५ च्या आसपास ठीक. झोपायचंही त्यावरच असेल तर वर इंचभर मऊ थर चिकटवा. फोम कव्हरपेक्षा अर्धा इंच मोठा कापला की कव्हर ताणून बसतं. कापायला थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची विजेवरची सुरी सर्वांत उत्तम. त्या सणाशिवाय तिचा दुसरा उपयोग मला तरी हाच सापडला.

तुम्ही पुढे मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेलं फिरतं घर) घ्यायचाही विचार लिहिलाय, म्हणून सांगतो: सीटबेल्ट असलेल्या सीटचा सांगाडा किंवा बोल्ट घरी छेडू नका. वाहनातल्या आसनांच्या कापड-फोमला १९७२ पासून आगीचा केंद्रीय नियम आहे, ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. त्या नियमाचं नाव एफएमव्हीएसएस ३०२, कापड घेताना हेच शब्द विचारा. ट्रेलरमध्येही मी तेच कापड घेईन, कारण गॅसची शेगडी त्या बाकापासून हातभर अंतरावर असते.

नवीन फळी लागलीच तर वजन बघा. ४ बाय ८ फुटांचा पाऊण इंची एमडीएफ ४० किलोच्या वर जातो, तेवढंच पॉप्लर प्लाय २५ च्या आसपास. ट्रेलरची सामान वाहायची मर्यादा स्टिकरवर असते, आणि ग्रॅनाइटचा ओटा तीच खाऊन टाकतो. फळीवर टीएससीए टायटल सिक्सचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायू मर्यादेत असल्याचा, शिक्का आहे ना तेही पाहा. कतरिना वादळानंतर सरकारने राहायला दिलेल्या ट्रेलरांत फॉर्मल्डिहाइडचा त्रास झाला, आणि पुढे २०१० मध्ये त्यावर कायदा आला. एवढ्याशा बंद जागेत तो वायू घरापेक्षा जास्त जाणवतो.

तुम्हाला डीलरने पूर्ण इंटिरिअर बदलायची जी रक्कम सांगितलीय, ती म्हणूनच मला पटत नाही. गळती, स्क्रू, दांड्या आणि कड्या आधी करा, मग जवळची एखादी छोटी फेरी मारा. परत आल्यावर सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा, ड्रिलने नाही. सोफा पावसाळी दिवसांत निवांत काढा. टेबलाच्या खालच्या वाटीचा फोटो शेजारी मोजायची टेप धरून टाकलात तर तिचं माप बघून कोणता पाय बसेल ते सांगतो.