सीटी स्कॅनच्या आधी ‘ट्यूब गार होऊ द्या’ म्हणून का थांबवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंना पोटाच्या सीटीसाठी टेबलावर घेतलं आणि टेक्निशियन म्हणाले, ‘ट्यूब गरम आहे, पाच-सात मिनिटं थांबू.’ मग यंत्र बिघडलेलं होतं का? आईंना जास्त किरण लागले का? आणि खोलीत हुडहुडी भरेल एवढा एसी चालू असताना ट्यूब तापलीच कशी?

मी सीटी आणि एक्स-रे यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’. थांबलेल्या वेळात ट्यूबमधून, म्हणजे क्ष-किरण तयार करणाऱ्या नळीतून, किरण निघतच नाहीत, त्यामुळे आईंना डोस लागण्याचा प्रश्न येत नाही. तिसरा प्रश्न मात्र नेमका आहे, कारण तो एसी मुख्यतः ट्यूबसाठी नसतोच.

ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन वेगाने नेऊन टंगस्टनच्या चकतीवर, म्हणजे ॲनोडवर, आदळवतात. या ऊर्जेतल्या जेमतेम एक टक्क्याचे क्ष-किरण होतात, बाकी ९९ टक्के नुसती उष्णता. हिशोब करून बघा. १२० केव्ही (किलोव्होल्ट), २५० एमए (मिलिअँपिअर प्रवाह) आणि १० सेकंदांचा स्कॅन म्हणजे ३ लाख जूल. एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते, पण इथे ती दहा सेकंदांत, मिलिमीटरभराच्या ठिपक्यावर ओतली जाते. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतं म्हणून निभावतं, आणि चकती मिनिटाला हजारो फेऱ्या घेते म्हणून एकाच जागी मार बसत नाही. फिरणाऱ्या ॲनोडची ही युक्ती १९२९ पासून बाजारात आहे.

आमच्या धंद्यात ही उष्णता ‘हीट युनिट’मध्ये मोजतात. वरचा एक स्कॅन म्हणजे सव्वाचार लाख युनिट. पोटाचा ट्रायफेजिक सीटी असेल तर एक साधा आणि औषध दिल्यावर तीन, म्हणजे चार फेऱ्या, मिळून सुमारे १७ लाख. छोट्या यंत्रांच्या ॲनोडची क्षमता २० लाखांच्या आसपास असते. आईंच्या आधीच्या पेशंटची उष्णता त्यात अजून शिल्लक असणार. कन्सोल, म्हणजे यंत्र चालवणारा संगणक, हा सगळा हिशोब स्कॅन सुरू करण्याआधीच करतो, आणि बसत नसेल तर सांगतो, इतकी मिनिटं थांबा. हे आधी होतं तेच बरं. एकदा शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट करणारं ते औषध, गेलं की सेकंदांचा खेळ असतो, तेव्हा थांबून चालत नाही. घाईत एमए कमी करून स्कॅन उरकता येतो, पण मग चित्र दाणेदार येतं. तुमच्या टेक्निशियनने थांबायचं ठरवलं, ते योग्यच केलं.

आता एसीबद्दल. ॲनोड निर्वात काचेत किंवा धातूच्या नळीत असतो. भोवती हवाच नाही, तेव्हा गार वारा तिथवर पोचणार कसा? चकती तापून लाल होते आणि उष्णता प्रारणाने बाहेर टाकते. या प्रारणाचा नियम मोठा विचित्र आहे: केल्विनमधलं तापमान निम्म्यावर आलं की बाहेर पडणारी उष्णता थेट सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून ट्यूब पहिल्या दोन-तीन मिनिटांत झपाट्याने निवते आणि पुढे रेंगाळते. ही उष्णता ट्यूबभोवतीच्या तेलात जाते, पंप ते तेल पंख्याच्या रेडिएटरमधून फिरवतो, आणि हे सगळं बिऱ्हाड गॅन्ट्रीत, म्हणजे यंत्राच्या त्या मोठ्या गोल कड्यात, पेशंटभोवती गरगरत असतं. तेल जास्तच तापून फुगलं तर एक छोटा स्विच दाबला जातो आणि एक्स्पोजर बंद. त्यामुळे रिमोट घेऊन एसी १६ वर नेला तरी ती पाच मिनिटं चार होत नाहीत. तरी प्रत्येक सेंटरवर कोणीतरी तो नेतोच!

२००३ च्या सुमारास सीमेन्सने ‘स्ट्रॅटॉन’ ट्यूब आणली. तिच्यात ॲनोडची पाठ थेट तेलात असते आणि अख्खी ट्यूबच फिरते. साठवण अगदी कमी, पण गार होण्याचा वेग मिनिटाला सुमारे ५० लाख युनिट, म्हणजे थांबण्याची वेळ जवळपास येतच नाही. पण प्रत्येक सेंटरला महागडं यंत्र कसं परवडणार?

मग एसी कशासाठी? डिटेक्टरसाठी, म्हणजे शरीरातून आलेले किरण टिपणाऱ्या भागासाठी, आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी. डिटेक्टरला गारवा नको असतो, त्याला स्थिरता हवी असते. अनेक यंत्रांत त्याच्या आत चक्क हीटर असतो. विदर्भातल्या एका सेंटरने मे महिन्यात बिल वाचवायला रात्री एसी बंद ठेवायला सुरुवात केली, यंत्र मात्र चालूच. सकाळी मेंदूच्या सीटीत मधोमध फिकट वर्तुळं दिसायला लागली. एअर कॅलिब्रेशन (आत कोणी नसताना डिटेक्टर जुळवून घेणं) केलं की जायची, खोली गार झाली की दुपारी परत हजर. ट्यूब बदलावी लागणार म्हणून मालक घाबरले होते. रात्रीचा एसी सुरू केला, दुसऱ्या दिवशी एकदा कॅलिब्रेशन केलं, वर्तुळं गेली.

अजून एक जागा जिथे हमखास घोटाळा होतो. लाइट गेली की यंत्र यूपीएसवर चालू राहतं, पण एसी बहुतेक ठिकाणी यूपीएसवर नसतो. जनरेटर येईपर्यंत बंद खोलीत उष्णता साठत जाते. कोकणात उलटी तऱ्हा: पावसाळ्यात खोली फार गार करून दार उघडं ठेवलं की दमट हवा आत येते आणि थंड भागांवर दव धरतं. हाय व्होल्टेजच्या शेजारी पाणी म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून मी २२-२३ अंश आणि बंद दार, एवढंच सांगतो.

मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) काही यंत्रं तर याहून नाजूक. त्यांच्या पॅनलमध्ये सेलेनियमचा थर असतो. तो तापला तर स्फटिक बनतात, फार गारठला तर तडे जातात, आणि पॅनल मग फेकूनच द्यायचा.

आईंना पुढच्या वेळी थंडी वाजली तर बिनधास्त पांघरूण मागा. घरची सुती शाल चालेल, फक्त जरीकाम किंवा धातूची बटणं असलेली नको. ती चित्रात उमटतात.