एकाच नाकपुडीतून घोळणा फुटतो, उष्णता म्हणून सोडून द्यायचं का?

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा आहे, चार-पाच महिने झाले उजवी नाकपुडी बंदच असते, डावी मात्र छान मोकळी. रात्री तोंड उघडं टाकून घोरतो. मधूनमधून घोळणा फुटतो तोही उजवीकडूनच, परवा तर टॉवेल भिजला. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, दूर्वांचा रस आणि गुलकंद चालू आहे. इथल्या डॉक्टरांच्या स्प्रेने काही फरक नाही, आता ते म्हणतात आत मांस वाढलंय, क्लिनिकमध्येच तुकडा काढून तपासायला पाठवू. काढू द्यावा का? कॅन्सर असेल का हो? (एक आई, संगमनेर)

उत्तर: ताई, स्कॅन होईपर्यंत तुकडा अजिबात काढू देऊ नका, बाकी सगळं नंतर बोलू.

वयात येणारा मुलगा, एकच नाकपुडी बंद आणि त्याच बाजूने रक्त, असं दिसलं की आम्हा कान-नाक-घसावाल्यांच्या मनात पहिलं नाव येतं ते अँजिओफायब्रोमा. दुर्मिळ गाठ आहे, जवळजवळ फक्त मुलांनाच होते, मुलींना नाहीच म्हटलं तरी चालेल. कॅन्सर नाही ही, पण गरीबही नाही, नाकाच्या मागच्या टोकाला उगवते आणि हळूहळू गालाकडे, डोळ्याच्या खोबणीकडे, कधी कवटीच्या तळापर्यंत सरकते. आत नुसत्या रक्तवाहिन्या, आणि त्यांच्या भिंतीत आवळून घेणारा स्नायूच धड नसतो, त्यामुळे चिमटा लावला की रक्त थांबता थांबत नाही. म्हणून तर क्लिनिकमध्ये तुकडा नको म्हणतोय.

आता हीच असेल असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, साधा एका बाजूचा पॉलिपही, म्हणजे नाकातल्या अस्तराची मऊ वाढ, असू शकतो (त्यात एवढं रक्त सहसा येत नाही), क्वचित कॅन्सरची गाठही निघते. ॲलर्जी मात्र बहुतेक दोन्ही नाकपुड्या धरते, त्यामुळे आणखी महिनाभर स्प्रे मारत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. दुर्बिणीने नाक बघून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) घालून सीटी आणि एमआरआय करायचा, फोटोवरच बहुतेक वेळा निदान होतं.

अँजिओफायब्रोमाच निघाला तर ऑपरेशन. त्याच्या एक-दोन दिवस आधी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसा बंद करतात, मग बरेचदा दुर्बिणीनेच गाठ निघते, चेहऱ्यावर टाका नाही. ही सोय तालुक्याला नसते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात किंवा मेडिकल कॉलेजला जा, आणि खर्चाचं टेन्शन असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेच्या मदतनिसाला) महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. गाठ परत येऊ शकते, नंतर काही वर्षं एमआरआय चुकवू नका.

तोवर घोळणा फुटला तर आडवं झोपवू नका, डोक्यावर पाणी, कांदा वगैरे राहू दे. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा, तोंडात आलेलं रक्त थुंकू दे. तरी थांबलं नाही, किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला, दोन-दोन दिसायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा.