थंडीपुरतं कोकणात की कायमचंच? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं वय ६७, मिसेस ६४. टोरंटोशेजारी मिसिसागाला येऊन ३१ वर्षं झाली, आता दोघंही रिटायर आहोत. गेल्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवर पाय घसरला आणि मनगट मोडलं, गुडघे तर आधीपासूनच दुखतात, त्यामुळे इथला हिवाळा आता नको झालाय. आईचं माहेर मालवणजवळ, म्हणून ओढ तिकडची. एक एजंट समुद्रापासून दहा मिनिटांवरचा आठ गुंठ्यांचा प्लॉट दाखवतोय, एनए (बिगरशेती) होऊन जाईल म्हणतो. पुण्याचा भाऊ म्हणतो, कोकणात कशाला, पुण्याला या. मिसेस म्हणते, नातवंडं इथं आहेत, कायमचं जायचं नाही. आमच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) आहे. काय करावं?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर: मनगट आता बरं असेल अशी आशा करते. या वयात बर्फावरून पडणं ही साधी गोष्ट नाही, पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडलं तर सहा महिने गेलेच, त्यामुळे हिवाळा तिथं काढायचा नाही हा तुमचा निर्णय मला पटला. पण थंडी टाळणं वेगळं आणि गाव सोडून कायमचं दुसरीकडे जाणं वेगळं, आणि तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्यात.

डिसेंबरातलं मालवण कुणालाही आवडतं हो. पहाटे १८-२० अंश, दुपारी ३१-३२, हवा स्वच्छ, सकाळी किनाऱ्यावर चालून यायचं आणि बाजारातून ताजे बांगडे घेऊन घरी. अशा दिवसांत घर बघायला गेलात तर होच म्हणणार. म्हणून माझा हट्ट असा की कायमचं राहायचा विचार असेल तर ते गाव जुलैत बघा. आणि मे महिन्यात पण. सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, पायरीवर शेवाळ धरतं आणि त्यावरून पाय सटकतो तो बर्फासारखाच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि खांब पडून बऱ्याच गावांत कितीतरी दिवस अंधार होता. मेमध्ये पारा ३३-३४ च दाखवतो पण दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि बीपीसाठी लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी होऊन चक्कर येऊ शकते. निघायच्या आधी डॉक्टरांशी हे नक्की बोला.

दुसरं म्हणजे बंद घर. आमचं स्वतःचं घर वेंगुर्ल्याजवळ आहे म्हणून अनुभवानं सांगते. एका वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात कुलूप लावून गेलो ते दसऱ्यालाच परत आलो. कुलूप गंजलेलं, तेल सोडून अर्धा तास खटपट केली तेव्हा उघडलं. आत गेल्यावर तो कुबट वास. कपाटातल्या रेशमी साडीवर पांढरी बुरशी, चामड्याच्या चपला हिरव्या झालेल्या, स्विचबोर्डाच्या भोकांत मुंग्यांनी माती भरलेली आणि पलंगाच्या एका पायाला वाळवीची ओली रेघ थेट गादीपर्यंत चढलेली. आवरायला आठ दिवस लागले आणि तेव्हा आम्ही तुमच्यापेक्षा बरेच तरुण होतो. आता शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते, त्या दर आठवड्याला खिडक्या उघडतात, आम्ही महिन्याचे पैसे देतो, पावसाआधी कौलं परतून घेतो. तुम्ही पाच महिने राहणार आणि सात महिने घर बंद, त्यातले चार पावसाचे. तेव्हा बांधण्यापेक्षा भाड्यानं घ्या. खरंच सांगते, भाड्यानं घ्या.

प्लॉटचं तर स्पष्टच सांगते, थांबा. ओसीआयवाल्यांना राहतं घर, फ्लॅट, दुकान विकत घेता येतं, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. "एनए होऊन जाईल" याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे. सातबारा मागा, एनएचा आदेश मागा, इतर हक्कात कुणाची नावं आहेत ते बघा, आणि हे सगळं एजंटनं सुचवलेल्या नाही तर तुम्ही स्वतः शोधलेल्या वकिलाकडून तपासून घ्या. आमच्या नात्यातल्या एकांनी असाच शब्दावर विश्वास ठेवून इसार दिला, चार वर्षं झाली, जमीनही नाही आणि पैसेही नाहीत. त्यांच्या घरी गेलं की अजून तोच विषय निघतो, वाईट वाटतं.

मालवणात छोटंमोठं दुखणं निभतं, पण मोठं काही झालं की लोक गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला धावतात, म्हणजे अडीच तास तरी धरा. दोघांपैकी कुणाला हृदयाचा त्रास असेल तर मग मालवण शहर किंवा कुडाळ बघा, आतली वाडी नको. पुण्याला हॉस्पिटलांची काळजी नाही, तिथं भावाचं म्हणणं बरोबर आहे. पण जानेवारीत पुण्यात पहाटे ८-१० अंश असतं आणि आपल्याकडे घरात हीटिंग नसतं. तुम्ही म्हणाल उणे १५ मधून आलेल्या माणसाला त्याचं काय, पण तिकडे घरात २१ अंश असतं, इथं सकाळी गार फरशीवर पाय ठेवला की गुडघे बोलतात. शिवाय ट्रॅफिक. तुम्हाला उबेची गरज आहे, तेव्हा थंडीपुरतं कोकणच.

आता दिवसांचा हिशोब. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च म्हणजे १५१ दिवस. ओंटारियोचं, म्हणजे तुमच्या प्रांताचं, सरकारी हेल्थ कव्हर टिकवायला कुठल्याही १२ महिन्यांत १५३ दिवस तिथं असावं लागतं, तुम्ही २१४ दिवस असाल, काही अडचण नाही. भारतातल्या टॅक्ससाठी आर्थिक वर्षात १८२ दिवसांच्या आत असलात तर तुम्ही अनिवासीच, फक्त भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर ती मर्यादा १२० दिवसांची होते, मग सीएला विचारूनच तिकीट काढा. कायमचं आलात तर ओंटारियोचं हेल्थ कव्हर जाईल, आणि इथं नवीन मेडिक्लेम घेतला तर जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ६७ व्या वर्षी ३ वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे कॅनडा सरकारची म्हातारपणाची पेन्शन, मात्र सुरू राहील, कारण वयाच्या १८ नंतर २० वर्षं कॅनडात राहिलेल्यांना ती परदेशातही मिळते.

आणि मिसेस म्हणतायत ते मला मनापासून पटतं. पाच महिने इकडे, सात महिने नातवंडांकडे, यात कुणाचंच काही जात नाही. पहिला हिवाळा भाड्यानं काढा, पुढच्या जुलैत तीन आठवडे येऊन राहा, प्लॉटचं नंतर बघू. पण त्या तीन आठवड्यांत मिसेसना बरोबर आणा, घर त्यांनाही चालवायचंय.

प्रश्न: माझे वडील ७४ वर्षांचे, दमा आहे. पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारी खूप त्रास होतो, खोकला रात्रभर. सगळे म्हणतात समुद्राकडे न्या. कायमचं रत्नागिरीला हलवावं का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: कायमचं इतक्यात नको. थंडीत पुण्यात पहाटे गार हवा खाली बसते आणि गाड्यांचा, कचरा जाळल्याचा धूर तिच्यातच अडकून राहतो, म्हणून त्या तीन महिन्यांत त्रास वाढतो. समुद्राकाठी वारा असतो, हवा उबदार, त्यामुळे जानेवारीत त्यांना तिथं बरं वाटण्याची शक्यता चांगली आहे. पण दम्याच्या पुष्कळ लोकांना बुरशीची आणि धुळीतल्या बारीक किड्यांची ॲलर्जी असते आणि या दोन्ही गोष्टी दमट हवेत जोरात वाढतात. म्हणजे जानेवारीत जो माणूस रत्नागिरीत छान झोपला तोच ऑगस्टमध्ये रात्रभर उठून बसू शकतो. आधी छातीच्या डॉक्टरांकडून ॲलर्जी कशाची आहे ते काढून घ्या. बुरशीची निघाली तर थंडीचे दोन-तीन महिनेच तिकडे ठेवा आणि पावसाआधी परत आणा. इनहेलर, नेब्युलायझर सोबत, आणि लाईट जाते म्हणून नेब्युलायझर बॅटरीवर चालणारा घ्या. सकाळचं फिरणं ऊन वर आल्यावर, पुण्यात असतानाही. सहाला उठून टेकडीवर जायची सवय असेल तर ती थंडीपुरती सोडायला लावा, वडील ऐकणार नाहीत, तरी लावा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, दोघंही ६५ च्या पुढे, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. थंडीसाठी फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना की गोवा यात घोळ चाललाय. मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय.
– एक वाचक, एडिसन

उत्तर: स्टेंट आहे म्हटल्यावर पहिला विचार मेडिकेअरचा. अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे मूळ मेडिकेअर जवळजवळ कधीच देत नाही, फ्लोरिडात आणि अ‍ॅरिझोनात देतं. तुमचं कार्ड मेडिकेअर ॲडव्हान्टेजचं, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेल्या मेडिकेअरचं, असेल तर मात्र दुसऱ्या राज्यात कुठले डॉक्टर चालतात ते फोन करून विचारा, कारण त्यात बहुतेक वेळा नेटवर्क ठरलेलं असतं. गोव्याला यायचंच असेल तर जुना हृदयविकार धरून कव्हर देणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि पॉलिसी ओळ न ओळ वाचा.

थंडीपुरतं म्हणाल तर तिन्ही जागा चांगल्या. फ्लोरिडात चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, तुम्ही डिसेंबरात जाणार म्हणजे तो टळला. अ‍ॅरिझोनाची कोरडी हवा बऱ्याच जणांना मानवते, मात्र तिथं कायमचं घर घ्यायचा मोह आवरा, २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फिनिक्सला पारा रोज ४३ अंशांच्या वर जात होता आणि स्टेंटवाल्या माणसाला असा उन्हाळा मुळीच नको. गोव्यात ख्रिसमस ते न्यू इयर भाडी खूप चढतात आणि किनाऱ्याकडे रात्री उशिरापर्यंत आवाज असतो, तेव्हा ५ जानेवारीनंतर या आणि किनाऱ्यावर नाही तर फोंड्याकडे किंवा पणजीत राहा, पणजीहून बांबोळीचं मेडिकल कॉलेज अगदी जवळ आहे. मला विचाराल तर यंदाचा हिवाळा फ्लोरिडात काढा, मिस्टरांच्या कार्डिओलॉजिस्टकडून लांबच्या विमानप्रवासाबद्दल लेखी घ्या, आणि गोवा पुढच्या वर्षी, सहा आठवड्यांसाठी. येताना औषधं पूर्ण मुक्कामाची आणा, हातातल्या बॅगेत, आणि प्रिस्क्रिप्शनची एक प्रत मिस्टरांच्या पाकिटात ठेवा, एक तुमच्या.