भोंगा ज्यांना ऐकू येत नाही

सांगली, जूनचा पहिला आठवडा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. ग्रामपंचायतीपुढच्या रॅम्पचा फोटो मिळाला. सदस्य झाल्यावर पहिलं काम हे हाती घेतलंस, फार आनंद झाला. पण उतार बघून काळजी वाटली. तिथं तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. फुटाला 12 फूट लांबी लागते, तेव्हा रॅम्प 18 फूट हवा. दिसतोय 6 फुटांचा. व्हीलचेअरवरचा माणूस एकटा चढणार नाही, उतरताना पुढं कोलमडेल. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवून घ्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात, त्याचा मागचा हिशोबही मागून घे.

पण पावसाळ्याआधी त्याहून तातडीचं सांगायचंय. तुमचं गाव कृष्णाकाठचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथं सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या गल्लीत रिक्षावरून भोंगा फिरला, आम्ही सामान माडीवर टाकून निघालो. मागच्या बोळातलं जोडपं घरातच राहिलं. दोघंही कर्णबधिर. मला आठवण झाली तोवर त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलेलं. सुखरूप निघाली दोघं, पण रोज दारावरून जाताना हसणारी ही माणसं भोंगा ऐकूच शकत नाहीत, हे मला सुचलं नव्हतं.

म्हणून आशाताई, अंगणवाडीसेविकांना घेऊन घरोघर जाऊन दिव्यांगांची यादी कर. फक्त प्रमाणपत्रवाल्यांची नको. 40 टक्के दिव्यांगत्वाची अट योजनांसाठी असते. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसंही घे. प्रत्येक नावापुढं लिही: खबर कशी पोचणार, आणि न्यायला कोण जाणार. कर्णबधिराला मोबाईलवर मेसेज. वाचता येत नसेल तर शेजाऱ्यानं घरी जायचं. त्या शेजाऱ्याचं नावही लिहायचं. अंध माणसाला ओढू नका, आपला कोपर त्याच्या हाती द्या.

पुरात जिथं छावणी होते ती शाळा आत्ताच बघून ये, विशेषतः संडास. आमच्या छावणीत संडासाला दोन उंच पायऱ्या होत्या. पोलिओ झालेली एक बाई तिथं जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हती. तिनं ते मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. गावात कुणी व्हीलचेअर वापरत असेल तर त्यांना बरोबर ने. दार, कडी, नळ त्यांनाच वापरून बघू दे.

यादी झाली की कळव. मी एसटीनं येते, दोघी मिळून सगळी घरं फिरू.

तुझी,
बाई